आर्ट पेपरला वय लागते तेव्हा: जुन्या दिवाळी अंकांचा पृष्ठभाग तपासण्याची आणि जपण्याची पद्धत

माळ्यावरून उतरवलेला दिवाळी अंकांचा गठ्ठा सोडला की कागदाचे दोन प्रकारचे म्हातारपण शेजारी शेजारी दिसते. मजकुराची पाने तपकिरी झालेली असतात, कोपरा दुमडला की तुकडा हातात येतो. त्याच अंकातली चित्रांची गुळगुळीत पाने बरीचशी पांढरी राहिलेली असतात, पण त्यांची दुखणी वेगळी: कुठे चमक गेलेली, कुठे दोन पाने एकमेकांना घट्ट चिकटलेली, कुठे घडीवरची शाई सुटून पांढरी रेघ उमटलेली. पिवळ्या पडलेल्या कागदाबद्दल पुष्कळ लिहिले-बोलले जाते. गुळगुळीत कागदाबद्दल मात्र सांगणारे कमी, त्यामुळे नवा माणूस साध्या कागदाचे उपाय त्याच्यावर करून बसतो. कुणी ओल्या फडक्याने धूळ पुसतो, कुणी उन्हात वाळवतो, कुणी थेट लॅमिनेशनच्या दुकानात नेतो. या तिन्ही गोष्टींनी होणारे नुकसान भरून येत नाही.

वाचनालयात नव्याने संग्रहाचे काम हाती घेतलेल्यांसाठी, घरी आजोबांचे अंक सांभाळणाऱ्यांसाठी आणि मुद्रण शिकणाऱ्यांसाठी मी हे लिहितो आहे. उदाहरण दिवाळी अंकांचे घेतले आहे, कारण एकाच अंकात दोन-तीन जातींचे कागद एकत्र बांधलेले असतात आणि त्यातला फरक डोळ्यांनी पाहता येतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा. चित्र बारीक ठिपक्यांत छापणाऱ्या हाफटोन ब्लॉकचे ठिपके खरखरीत कागदावर नीट उठत नाहीत, म्हणून मजकूर स्वस्त कागदावर आणि चित्रांपुरता आर्ट पेपर, अशी वाटणी छपाईत रूढ झाली. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या चित्रकारांच्या मुखपृष्ठांसाठी लोक अंक जपून ठेवू लागले, आणि जपायची खरी गोष्ट त्या गुळगुळीत थरावरच होती.

पायरी १: हातात कोणता कागद आहे ते ठरवा

आर्ट पेपर म्हणजे आत साधा कागद आणि त्याच्या दोन्ही अंगांना खनिजाचा लेप. लेपात वजनाने मोठा वाटा, साधारण ८० ते ९० टक्के, केओलिन म्हणजे चिनी मातीचा किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. उरलेल्यात मुख्य ते हे कण धरून ठेवणारे चिकटद्रव्य. जुन्या काळी त्यासाठी दुधातले केसीन किंवा स्टार्च वापरत, दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू लेटेक्स, म्हणजे रबरासारखे कृत्रिम द्रव्य, आले. लेप वाळल्यावर कागद पोलादी आणि मऊ रोलांच्या दाबाखालून काढतात. या कॅलेंडरिंगनेच त्याला चमक येते. पुढचे सगळे समजायला एवढी रचना पुरते: आतल्या कागदाचा धागा, त्यावर लेप, लेपावर शाई, आणि असली तर वार्निश किंवा लॅमिनेशन. प्रत्येक थर आपापल्या चालीने जुना होतो.

ओळखायचे कसे? दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. आर्ट पेपरवर ठिपक्यांच्या कडा रेखीव दिसतात. साध्या कागदावर शाई धाग्यांत पसरलेली दिसते. छपाईतल्या जुन्या माणसांची आणखी एक खूण आहे, ती फक्त रद्दीत जाणाऱ्या तुकड्यावर करा: चांदीच्या नाण्याची कड कोऱ्या समासावर हलके ओढायची. लेपातले कण कठीण असल्याने चांदी घासली जाते आणि पेन्सिलीसारखी करडी रेघ उठते. साध्या कागदावर अशी रेघ सहसा उठत नाही.

तिसरी चाचणी नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चची, आणि ती सगळ्यांत उपयोगी. अंधाऱ्या खोलीत पानावर टॉर्च मारा. पान निळे-पांढरे उजळले तर कागदात किंवा लेपात शुभ्रता वाढवणारे रसायन, म्हणजे ऑप्टिकल ब्राइटनर आहे. पन्नासच्या दशकाच्या आसपास कागदधंद्यात त्याचा वापर वाढत गेला. त्यामुळे तीसच्या दशकातला म्हणून दाखवलेला अंक झगझगीत उजळला, तर तो पुनर्मुद्रित आहे का ते जरूर तपासा. उलट, ऐंशीच्या दशकातले पान मधोमध उजळते आणि कडांना मंद दिसते, याचा अर्थ कडांना उजेड लागून ब्राइटनर संपला आहे. साध्या डोळ्यांना अजून काही दिसत नसते, तेव्हाही टॉर्चखाली हा फरक सापडतो.

एक सावधगिरी. आम्लता तपासायचे पीएच पेन मिळते, ते साध्या कागदाला ठीक आहे. आर्ट पेपरवर ते लेपाची आम्लता सांगते, आतल्या धाग्याची सांगत नाही. लेपात कार्बोनेट असेल तर पेन ‘सगळे छान’ म्हणेल, आणि आतला कागद कमकुवत होत चाललेला असू शकतो. शिवाय पेनाचा डाग कायमचा राहतो. मी ते आर्ट पेपरला लावत नाही.

पायरी २: तिरप्या उजेडात पाहा

सगळ्या तपासणीत एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर ही करा. पान टेबलावर सपाट ठेवा. खोलीतला दिवा बंद करा. साधा टॉर्च पानाच्या कडेला, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून सरपटत जाईल. वरून सरळ उजेडात निर्दोष वाटणारे पान अशा उजेडात आपली सगळी हकिकत सांगते.

मी मुखपृष्ठ असे पाहतो तेव्हा आधी छापलेल्या गडद भागाकडे जातो, काळ्या किंवा गडद निळ्या पार्श्वभूमीकडे. तिथे बोटांचे ठसे आधी दिसतात: मध्यभागी मंद, कडेला रेषा. हाताचे तेल आणि घामातले क्षार शाईच्या थरावर बसतात आणि वर्षानुवर्षांत तिथली चमक खातात. त्यानंतर घडीची आणि पाठीची कड पाहतो. लेप ताठ असतो, धागा लवचीक असतो. घडीवर धागा वाकतो, लेपाला तडा जातो, आणि शाईसकट त्याची कपची निघाली की आतला पांढरा कागद उघडा पडतो. मग कोरा समास. नव्या आर्ट पेपरचा समास तिरप्या उजेडातही काचेसारखा सपाट असतो. जुन्याचा समास संत्र्याच्या सालीसारखा बारीक उंचसखल दिसू लागतो.

हा उंचसखलपणा नेमका कशाने येतो, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण चमक जाण्याचे मोठे कारण यातच आहे. कॅलेंडरच्या दाबाखाली कागदाचे धागे चपटे झालेले असतात, पण ते चपटे राहायला तयार झालेले नसतात. हवेतला ओलावा लेपातून झिरपून धाग्यापर्यंत पोचला की धागा फुगतो आणि आपल्या मूळ गोल आकाराकडे परत जाऊ पाहतो. वरचा लेप त्याच्याबरोबर उचलला जातो. हवा कोरडी झाल्यावर धागा आकसतो खरा, पण पूर्वीइतका चपटा होत नाही, कारण आता त्याच्यावर रोलांचा दाब नाही. असा एक पावसाळा गेला, दुसरा गेला, की पृष्ठभाग थोडा थोडा खडबडीत होत जातो. चमक म्हणजे उजेड एका दिशेने परत येणे. पृष्ठभाग खडबडीत झाला की तोच उजेड विखुरतो. रंगद्रव्य शाबूत असते, शाईही जागेवर असते, तरी चित्र ‘बसले’ आहे असे वाटते, काळा रंग करडा दिसतो.

मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि उन्हाळ्यात विदर्भात ती दुपारी २० टक्क्यांच्याही खाली जाते. कागदाला सर्वाधिक त्रास अशा मोठ्या चढउताराचा होतो. स्वस्त, हलक्या, लाकडाचा लगदा यंत्राने दळून केलेल्या आणि वर लेप दिलेल्या कागदावर हा परिणाम जास्त दिसतो, कारण त्यातले धागे जाड आणि ताठ असतात. रासायनिक लगद्यापासून केलेला, म्हणजे बाजारात ‘वुडफ्री’ म्हणतात तो आर्ट पेपर, तुलनेने जास्त टिकतो.

पायरी ३: पिवळेपणा कुठून आला ते शोधा

पान पिवळे झाले एवढे लिहून भागत नाही. पिवळे होण्याच्या वाटा निरनिराळ्या आहेत आणि उपाय त्यावर ठरतो.

कडा पिवळ्या आणि मध्य पांढरा असेल तर हवा आणि उजेड कडेने आत शिरले आहेत. सगळे पान सारखे पिवळट आणि जांभळ्या टॉर्चखाली मंद असेल तर ब्राइटनर गेला आहे. त्याच्या निळ्या झाकेमुळे जे पांढरेपण वाटत होते ते उतरले आणि कागदाचा मूळ रंग दिसू लागला. लेपातले लेटेक्स स्टायरीन-ब्युटाडीनचे असेल तर ब्युटाडीनचा भाग ऑक्सिजनशी संयोग पावून पिवळा आणि ठिसूळ होतो. स्टायरीन-अॅक्रिलिकचे लेटेक्स या बाबतीत बरेच टिकाऊ असते. आतल्या कागदात लिग्निन, म्हणजे लाकडातले धागे जोडून ठेवणारे द्रव्य, असेल तर उजेडाने तेही पिवळे पडते.

दिवाळी अंकात याशिवाय दोन खास प्रकार दिसतात. पहिला: आर्ट पेपरच्या पानासमोर न्यूजप्रिंटचे, म्हणजे वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदाचे, पान असते आणि आर्ट पेपरवर त्याची तपकिरी सावली पडलेली असते. न्यूजप्रिंटमधली आम्लद्रव्ये शेजारच्या पानात सरकतात. सावलीचा आकार समोरच्या पानाच्या आकाराशी तंतोतंत जुळतो, त्यावरून खात्री होते. दुसरा: चित्रासमोरच्या पानावर त्याच चित्राची फिकट पिवळी आकृती, आरशातल्यासारखी उलटी. ही ऑफसेट किंवा ब्लॉक छपाईच्या शाईतल्या जवसाच्या तेलासारख्या सुकणाऱ्या तेलांची करामत. तेल सुकताना बाहेर पडणारी द्रव्ये समोरच्या कागदावर जाऊन तो भाग लवकर पिवळा करतात. पुष्कळ जण याला सेट-ऑफ म्हणतात, पण सेट-ऑफमध्ये ओली शाई समोर उठते आणि तिचा रंग शाईचाच असतो. भिंगाखाली ठिपके दिसले तर सेट-ऑफ, ठिपके नसलेला नुसता पिवळा ढग दिसला तर तेलाचा परिणाम.

रंगांचे उडणे ही आणखी वेगळी गोष्ट. चार रंगांच्या छपाईतले पिवळे आणि गुलाबी रंगद्रव्य सहसा उजेडाला कच्चे असते. निळे थॅलोसायनिन आणि काळा कार्बन मात्र पक्के. म्हणून सलूनच्या काचेवर वर्षानुवर्षे लावलेली पोस्टरे निळी-करडी होतात, माणसांचे चेहरेसुद्धा. मुखपृष्ठाचा पाठीकडचा, कपाटात उजेडाकडे असलेला पट्टा निळसर झाला असेल तर तो अंक उजेडात उभा राहिलेला आहे, हे निश्चित समजा. सोनेरी शाई वापरलेली असेल तर ती तांबे-जस्ताच्या भुकटीची असते. ओलाव्याने ती काळवंडते किंवा हिरवट होते. पुसून ती पूर्ववत होत नाही, पुसू नका.

पायरी ४: नोंद करा, आणि जमल्यास मोजा

प्रत्येक अंकाला वहीत एक पान द्या. कागदाची जात, टॉर्चखालचे निरीक्षण, चमक कुठे गेली, चिकटलेली पाने कोणती, पिना गंजल्या आहेत का, कसर लागली आहे का. मोबाइलने दोन फोटो काढा: एक सरळ उजेडात, एक तिरप्या. टॉर्च नेहमी एकाच बाजूने आणि एकाच उंचीवर धरा, शेजारी एक कोरा नवा आर्ट पेपरचा तुकडा ठेवा. पुढच्या वर्षी तुलना करायला तोच तुकडा उपयोगी पडतो. मात्र वर्षभर तो अंधारात, पाकिटात ठेवलेला असला पाहिजे.

तुम्ही मुद्रण महाविद्यालयात किंवा मोठ्या छापखान्यात असाल तर उपकरणे हाताशी असतात. त्यांच्याबद्दल थोडे.

कागदाची चमक ७५ अंशांच्या कोनात मोजतात. रंगकामासाठी मिळणारी ग्लॉसमीटर २०, ६० आणि ८५ अंशांची असतात. त्यातले ६० अंशांचे छापलेल्या भागासाठी चालते, पण ७५ अंशांच्या आकड्याशी त्याची तुलना करू नका. ग्लॉस आर्ट पेपर नवा असताना ७५ अंशांत साधारण ७० च्या आसपास आकडा देतो, मॅट, म्हणजे बिनचमकीचा, बहुधा ३० च्या खाली. कागदाच्या धाग्याची दिशा आणि आडवी दिशा, दोन्हीकडे वेगवेगळी मापे घ्या, प्रत्येकी निदान पाच ठिकाणी. एकाच मापावर निष्कर्ष काढणे हा शिकाऊ मुलांचा नेहमीचा दोष. जुन्या पानावर सरासरीपेक्षा मापांमधली तफावत जास्त बोलकी असते, कारण चमक डागाडागाने जाते.

खडबडीतपणा पार्कर प्रिंट सर्फ यंत्रावर मायक्रोमीटरमध्ये येतो. चांगल्या ग्लॉस आर्ट पेपरचा आकडा १ च्या आसपास असतो, साध्या कागदाचा त्याच्या कितीतरी पट. रंगासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटरने एल, ए, बी ही तीन मापे घ्या. पिवळेपणा ‘बी’मध्ये दिसतो: ब्राइटनर असलेल्या नव्या कागदाचा ‘बी’ शून्याखाली असतो, वय वाढेल तसा वर चढत शून्य ओलांडतो. यंत्रात अतिनील प्रकाश गाळण्याची सोय असेल तर एक माप त्यासह आणि एक त्याविना घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे ब्राइटनरचे शिल्लक राहिलेले काम. मोजण्यापूर्वी पाने एकाच हवेत स्थिरावू द्या. आंतरराष्ट्रीय पद्धतीत २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता धरतात, उष्ण देशांसाठी २७ अंश आणि ६५ टक्के चालते. कोणती धरली ते वहीत लिहा.

पायरी ५: नव्या कागदाचे म्हातारपण आधी पाहायचे असेल तर

अंक काढणारे संपादक किंवा छापखान्यातले कोणी विचारतात: हा कागद वीस वर्षांनी कसा दिसेल? प्रयोगशाळेत यासाठी कागद भट्टीत ठेवतात. एक पद्धत १०५ अंशांच्या कोरड्या उष्णतेची, दुसरी ८० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेची. १०५ अंशांत तीन दिवस म्हणजे पंचवीस वर्षे, असा एक जुना ठोकताळा छापखान्यांत अजून ऐकू येतो. आर्ट पेपरच्या पृष्ठभागाबाबत त्याच्यावर विसंबू नका. कोरड्या भट्टीत ओलावाच नसतो, आणि चमक जाते ती मुख्यत्वे धागा ओला होऊन फुगल्याने. शिवाय एवढ्या उष्णतेत लेपातले लेटेक्स मऊ होते, जे कपाटात कधीच होत नाही. दोन कागदांची आपसात तुलना करायला भट्टी चांगली. वर्षांचा हिशेब सांगायला ती भरवशाची नाही. भट्टी वापरायचीच तर ओलाव्याची पद्धत घ्या, आणि आर्द्रता वर-खाली करता येत असेल तर फारच चांगले.

घरी करण्यासारखा प्रयोग उजेडाचा आहे. छापील पानाची पट्टी कापा, तिच्यात चारही रंग आणि कोरा समास आला पाहिजे. अर्धी पट्टी अॅल्युमिनियमच्या फॉइलने घट्ट झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत काचेमागे लावा. दर आठवड्याला फॉइलची कड थोडी पुढे सरकवा, म्हणजे आणखी एक पट्टा झाकला जाईल. महिना-दोन महिन्यांनी फॉइल काढले की एकाच पट्टीवर उजेडाच्या पायऱ्या दिसतात: समास आधी पिवळट होतो, मग पिवळी शाई उतरते, मग गुलाबी. विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग आवर्जून करायला सांगतो. एकदा हा क्रम पाहिला की मुखपृष्ठाकडे पाहून ते कुठे ठेवले होते याचा अंदाज येऊ लागतो.

पायरी ६: पावसाळ्यातली व्यवस्था

जपणुकीतला सगळा भर इथे हवा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहिली तर उत्तम. मुंबईत ते घरी शक्य नसते, निदान ६५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा, कारण त्याच्या वर बुरशीला वाट मोकळी होते. आर्द्रता मोजणारे छोटे हायग्रोमीटर स्वस्तात मिळते, ते कपाटाच्या आत ठेवा. खोलीतले आणि कपाटातले आकडे वेगळे असतात.

कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढा. ओल भिंतीतूनच येते. पोलादी कपाट चालते, त्याचे दार पावसाळी दिवशी विनाकारण उघडू नका. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात तर त्या वेळोवेळी भट्टीत तापवून कोरड्या करा. ओलावून बसलेली पुडी ठेवली काय, न ठेवली काय, सारखेच.

गठ्ठे रचू नका. आर्ट पेपर जड असतो. खालच्या अंकावर सगळे वजन येते, आणि दाब व ओलावा एकत्र आले की पाने चिकटतात. केसीनचा किंवा स्टार्चचा लेप दमट हवेत मऊ होतो, दाबाखाली समोरच्या लेपाला जाऊन भिडतो आणि वाळला की दोन्ही एकजीव होतात. पाच-सहा अंक आडवे ठेवा, त्यावर दुसरी फळी. उभे ठेवायचे तर पुरेसा आधार द्या, कलंडलेला अंक पाठीवर वाकतो आणि घडीचा लेप फुटतो. चित्रांच्या पानांमध्ये आम्लरहित पातळ कागद घाला. वर सांगितलेली न्यूजप्रिंटची सावलीही त्याने थांबते.

प्लास्टिकच्या पाकिटांत पीव्हीसी नको. ते मऊ राहावे म्हणून घातलेले तेलकट द्रव्य बाहेर येते आणि शाई पाकिटाला चिकटते. झेरॉक्स आणि डिजिटल छपाईचा टोनर तर पाकिटावरच उठतो. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीन घ्या, वरचे तोंड उघडे ठेवा.

कसर हा रुपेरी किडा पृष्ठभागच कुरतडतो, कारण स्टार्च आणि केसीन त्याचे खाद्य आहे. तिरप्या उजेडात त्याने खाल्लेला भाग खरवडल्यासारखा मंद दिसतो. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही. पानांच्या मध्ये कडुनिंबाचा पाला ठेवायची जुनी सवय मात्र सोडा: पाल्यातला ओलावा आणि रंग दोन्ही लेपात उतरतात. डांबरगोळ्याही नकोत. त्यांची वाफ थंड पृष्ठभागावर पुन्हा स्फटिक होऊन बसते आणि बंद खोलीत माणसालाही बाधते.

गंजलेल्या पिना काढून टाका. पिनेचे पाय बोथट सुरीने सरळ करा, मागून ढकला, ओढू नका. त्याच भोकांतून सुताने शिवा. धूळ मऊ केसांच्या ब्रशने, मधून बाहेर अशी झटका. खोडरबर चित्रावर चालवू नका, मॅट कागदावर तर मुळीच नाही. घासल्याने मॅटला चमकता पट्टा पडतो आणि तो जात नाही. फाटलेल्या जागी सेलोटेप लावली तर काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होतो आणि टेप काढताना लेपासकट चित्र निघते. लॅमिनेशनबद्दल माझे मत ठाम आहे: जुन्या मुखपृष्ठावर ते कधीही करू नये. उष्णता, गोंद आणि प्लास्टिक एकदम लागते आणि पुन्हा वेगळे करता येत नाही. भिंतीवर लावायचे असेल तर चांगले स्कॅन काढा आणि त्याची प्रत लावा.

पायरी ७: पान भिजले तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत तळमजल्यावरच्या किती संग्रहांत पाणी शिरले असेल याची कल्पना करा. भिजलेला साधा कागद दुसऱ्या दिवशीही वाचतो. आर्ट पेपरच्या हातात सहा ते आठ तास असतात. त्या वेळेत तो वाळायला लागला की पाने कायमची जोडली जातात.

म्हणून पहिला नियम: ओला अंक तसाच वाळू देऊ नका. पाने अजून ओली असतील तर एकेक पान हलक्या हाताने मोकळे करा आणि प्रत्येक पानामागे सिलिकॉनचा बेकिंग पेपर किंवा न विणलेल्या पॉलिएस्टरचे कापड घाला. टिपकागद लेपाला लावू नका, तो चिकटतो. पंखा खोलीत फिरता ठेवा, थेट अंकावर नको. हेअर ड्रायर, इस्त्री, ऊन यांतले काहीही नको.

अंक जास्त असतील आणि हात कमी पडत असतील, तर प्रत्येक अंक बेकिंग पेपरमध्ये गुंडाळा, पिशवीत घाला आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवा. गोठलेल्या अवस्थेत पाने चिकटत नाहीत, बुरशी वाढत नाही, आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. मग काही अंक बाहेर काढून, थोडे मऊ झाले की पाने सुटी करत वाळवा. मोठ्या संग्रहासाठी निर्वातात गोठवून वाळवण्याची पद्धत आहे. ती संवर्धन प्रयोगशाळेशी बोलून ठरवावी. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र ही त्या क्षेत्रातली जाणती ठिकाणे.

वाळून वीट झालेला अंक हातात आला तर सुरी घालू नका आणि वाफ देऊ नका. वाफेने एखादे पान सुटते, बाकीची आणखी घट्ट होतात. तो तसाच गुंडाळून, वर चिठ्ठी लावून जाणकाराकडे न्या.

नवा अंक छापणाऱ्यांसाठी

यातले बरेचसे छापतानाच टाळता येते. टिकवायच्या अंकासाठी वुडफ्री आर्ट पेपर घ्या, हलका यांत्रिक लगद्याचा घेऊ नका. धाग्याची दिशा पाठीला समांतर ठेवा. आर्ट कार्डचे मुखपृष्ठ १७० जीएसएमच्या (चौरस मीटरला १७० ग्रॅम वजनाच्या) वर असेल तर घडीआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच पाडणे, हवेच, बाइंडरने घाई केली तरी. बाहेर लागणाऱ्या पोस्टरसाठी शाई मागताना उजेडाला पक्क्या पिवळ्या-गुलाबीची मागणी करा, ती थोडी महाग पडते. एकाच बाजूला बीओपीपी या प्लास्टिक पापुद्र्याचे लॅमिनेशन केलेले मुखपृष्ठ पावसाळ्यात वळते, कारण कागद ओलाव्याने पसरतो आणि प्लास्टिक पसरत नाही. त्याऐवजी पाण्यावर आधारलेले कोटिंग पुष्कळदा पुरते. मॅट कागदावर मोठा काळा किंवा गडद निळा भाग असेल तर असे कोटिंग नक्की घ्या, नाहीतर गठ्ठा टेम्पोतून विक्रेत्यापर्यंत पोचेपर्यंतच त्यावर घासल्याचे पट्टे पडतात. आणि पिना गंजणार नाहीत अशा तारेच्या मागा. खर्चात फार फरक पडत नाही, पण कोकणातल्या वाचकाच्या घरी त्या अंकाचे मधले पान गंजाच्या डागांपासून वाचते.